भावोजींचं मीठ

आमचे भावोजी महिपत शिगवण, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुगंधाताईचे यजमान, उत्तम जादूगार होते. हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं निरनिराळ्या लोकांना सांगतोय आणि दर वेळी समोरचा माणूस हसतो. भाईंदरचा असेल तर जास्तच हसतो. म्हणून आता लिहूनच ठेवतो. कागदावर निदान समोरच्याचे दात दिसत नाहीत.

भावोजी मूळचे दापोलीकडचे. अठ्ठावन्न साली भाईंदरला आले आणि खारी गावाच्या बाजूला एका मिठागरावर कारकून म्हणून चिकटले. मजुरांची हजेरी मांडायची आणि पाऊस तोंडावर आला की मिठाच्या राशी माडाच्या झापांनी नीट शाकारल्यात की नाही ते बघायचं, हे काम. जादू त्यांना लहानपणी एका फिरत्या सर्कशीतल्या म्हाताऱ्याने शिकवली होती. म्हातारा त्यांच्या गावात आजारी पडला, सर्कस त्याला टाकून पुढे गेली आणि तो चार महिने यांच्या ओटीवर पडून राहिला. त्या चार महिन्यांत त्याने भावोजींचे हात घडवले. पुढे वीस वर्षं भावोजींनी ते हात एक दिवस रिकामे ठेवले नाहीत. जेवताना डाव्या हातात नाणं फिरत असायचं. सुगंधाताई चिडायची, मग नाण्याच्या जागी सुपारी यायची.

त्यांची बाकीची जादू चार जादूगार करतात तीच होती. पत्ते, दोरी, टोपीतलं अंडं. पण मिठाची जादू त्यांची स्वतःची. मूठभर मीठ घ्यायचं, मूठ मिटायची, उघडायची, मीठ नाही. दोन्ही तळवे लोकांना दाखवायचे. मग रिकामा हात वर उचलायचा, आणि त्यातून मिठाची धार सुरू व्हायची. बारीक, पांढरी, सरळ खाली. लोक वाट बघायचे की आता थांबेल, आता थांबेल, आणि ती थांबायची नाही. मध्येच या हातातून त्या हातात जायची, ते कोणाला कळायचं नाही. यात काय असतं ते मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही. एवढं सांगतो की मिठागरावरचं जाडं मीठ चालत नाही. ते तव्यावर भाजायचं, कुटायचं, जुन्या धोतराच्या फडक्यातून चाळायचं आणि डब्यात बंद ठेवायचं. हे सगळं सुगंधाताई करायची. जादूगाराच्या बायकोने फ्रॉक घालून रंगमंचावर उभं राहायचं असतं, असं भावोजींनी एकदा सुचवून पाहिलं होतं. त्यावर तिने त्यांच्याकडे जे बघितलं, त्यानंतर पेटीत शिरून स्वतःला कापून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मी पोस्टात कायम नोकरीला होतो. माझी साहेबांपुढे काय शोभा झाली असेल, याचा विचार कोणीच केला नाही.

तर अशा या माणसाला सगळं भाईंदर 'मिठागरावरचा कारकून' म्हणून ओळखायचं. लग्नात कोणी ओळख करून दिली तर, "हे आमचे महिपतराव, हे गमती पण करतात." गमती! वीस वर्षांच्या मेहनतीला गमती. भावोजी तेवढ्यापुरतं हसायचे आणि घरी येऊन जेवायचे नाहीत. त्यांना पैसा नको होता, मेडल नको होतं. लोकांनी एकदा तरी आपल्याला जादूगार म्हणावं, एवढं एकच त्यांना हवं होतं. ते मिळत नव्हतं, आणि त्याचं कारण त्यांच्या मते एकच होतं: उत्तनचा रुडॉल्फ.

रुडॉल्फ म्हणजे 'प्रोफेसर रुडॉल्फ, दि ग्रेट'. वडिलांची होडी होती, पण याचं मन समुद्रात लागायचं नाही. जादूगार म्हणून तो सुमार होता, हे मी रागाने म्हणत नाही. त्याच्या बाहीतून रुमाल डोकावायचा. पत्ते पडायचे. पण त्याच्याकडे काळा शेपटीचा कोट होता, ग्रामोफोन होता, आणि ऑड्रे नावाची बहीण होती. ऑड्रे पेटीतून बाहेर पडून दोन्ही हात पसरून उभी राहिली की पत्ते पडलेले कोणाच्या लक्षातही राहायचे नाहीत. आमच्या पेटीतून मी बाहेर पडायचो.

अडुसष्ट साली पेणकरपाड्याच्या गणपतीत मंडळाने घोळ घालून दोघांनाही एकाच संध्याकाळी बोलावलं. कोणीच माघार घेईना. शेवटी मांडवाच्या दोन टोकांना दोन फळ्या टाकल्या आणि दोघांनी एकदम सुरुवात केली. भावोजींनी मीठ काढलं. मांडव गप्प झाला. धार पडतेय, पडतेय, म्हाताऱ्या बायका हात जोडायला लागल्या, आणि तेवढ्यात तिकडे ग्रामोफोन लागला आणि पेटीचं झाकण उघडलं. सगळ्यांच्या माना तिकडे. भावोजींची धार संपली तेव्हा त्यांच्यासमोर मंडळाचा खजिनदार तेवढा होता, आणि तोही खुर्च्या मोजत होता.

त्यानंतर दोघांचं उघड वैर. हे त्याचे बोर्ड काढायचे, तो यांचे काढायचा. स्टेशनवर समोरासमोर आले तर दोघंही एकदम पाण्याच्या नळाकडे वळायचे, आणि मग तिथेही समोरासमोर.

बहात्तरच्या डिसेंबरात सिनेमावाले आले. हिंदी, विनोदी सिनेमा. त्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही, तीन आठवड्यांत उतरला. गोष्ट अशी की दोन नामांकित जादूगार एकाच थिएटरच्या एकाच तारखेवरून भांडतात आणि शेवटपर्यंत एकमेकांची जादू फोडत राहतात. हे आपल्यावरच लिहिलंय, अशी भावोजींची खात्री होती. दोन मोठे विनोदी नट ते काम करत होते आणि दोघांनाही साधे पत्ते पिसता येत नव्हते. उत्तनच्या किनाऱ्यावर जत्रेचा देखावा उभारला होता. तिथे कामाला होता धर्माजी, प्रॉडक्शनचा माणूस, आपल्यापैकीच, मराठी. त्याने चौकशी केली, जवळपास जादूगार कोण? लोकांनी दोन नावं सांगितली, पहिलं रुडॉल्फचं.

दोघांना एकाच दिवशी बोलावलं. मी रजा टाकून गेलो. दिग्दर्शकाला दोन माणसं हवी होती. एक, हात. नट जादू करतो तेव्हा कॅमेरा जवळ नेऊन दुसऱ्याच कोणाचे तरी हात दाखवायचे. दोन, जत्रेतला एक गावठी जादूगार, ज्याची प्रत्येक जादू फसते. त्याला पडद्यावर तीन मिनिटं. तोंड, आवाज, सगळं.

भावोजींनी मीठ करून दाखवलं. दिग्दर्शक खुर्चीतून उठला. "ये हाथ चाहिए मुझे," तो म्हणाला. "यही नमक हीरो करेगा." रुडॉल्फने पत्ते काढले, ते वाळूत पडले, तो उचलायला वाकला तर कोटातून कबूतर निसटलं. सगळं युनिट पोट धरून हसलं. निवड झाली. भावोजी हात, रुडॉल्फ तीन मिनिटं.

सरळ होतं सगळं. त्यात दिग्दर्शकाची चूक नव्हती. ज्याचे हात चांगले त्याचे हात घेतले. पण परत येताना भावोजी अख्ख्या रस्त्यात माझ्या चार पावलं पुढे चालत राहिले. घरी आल्यावर सुगंधाताईने विचारलं, "झालं का काम?"

"झालं. हाताचं."

"म्हणजे?"

"म्हणजे पडद्यावर माझे पंजे दिसणार. तोंड दुसऱ्याचं. हाताला कोण ओळखतं गं? तू तरी ओळखशील?"

"मी ओळखीन," ती म्हणाली.

पण ते ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. रुडॉल्फ पडद्यावर दिसणार, सगळा मुलूख त्याला बघणार, आणि आपण मात्र कोणाच्या तरी बाह्यांतून बाहेर आलेले दोन पंजे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला घेऊन उत्तनला गेले, थेट रुडॉल्फच्या घरी. आयुष्यात पहिल्यांदा. रुडॉल्फची आई टेरेझा मासळी वाळत घालत होती. तिने आम्हाला बसायला बाकडं दिलं आणि आत जाऊन मुलाला हाक मारली.

भावोजींनी सरळ विषय काढला. "रुडॉल्फ, अदलाबदल करूया. तू हात कर, मी ते फसणारं काम करतो."

रुडॉल्फने जरा विचार केला. त्याला फसणारं काम मनातून आवडलेलं नव्हतंच. "मना चालेल," तो म्हणाला. "पन सायबाला ती मिठाची जादू पायजे. ती मना कुठं येते? ती शिकवशील तर त्वांड तुजा, हात माजे."

मी भावोजींचा दंड धरला. चक्क आवळला. त्यांनी माझा हात झटकला आणि म्हणाले, "शिकवतो."

आजही हे लिहिताना माझं डोकं तापतं. अरे, जी एक गोष्ट जगात फक्त तुझी आहे, ती तू कोणाला देतोस? आणि कशासाठी? मी वाटेत हे सगळं त्यांना बोललो, मोठ्याने, लोकांदेखत बोललो. ते म्हणाले, "राघो, वीस वर्षं मी ती जादू केली. मला कोणी जादूगार म्हटलं? मग ती माझ्याकडे ठेवून मी करू काय?" यावर मी जास्तच चिडलो.

पुढचे आठ दिवस आमच्या चाळीतल्या त्या दोन खोल्यांत जे चाललं होतं ते कोणी बघितलं असतं तर आम्हाला वेड्यांत काढलं असतं. स्वयंपाकघरात रुडॉल्फ मीठ सांडत बसलेला. ओटीवर भावोजी नापास व्हायचा अभ्यास करतायत. रुडॉल्फची बोटं जाड, घामट. मीठ चिकटायचं. सुगंधाताई भाजून भाजून दमली. "भावजी, हात पुसा आधी," असं ती त्याला दर पाच मिनिटांनी सांगायची. आणि वैरी असून भावोजी त्याला शिकवायचे मात्र मन लावून. त्याच्या अंगठ्याचा कोन स्वतःच्या बोटांनी बसवून द्यायचे. मला ते बघवायचं नाही.

पण खरी पंचाईत ओटीवर होती. फसायची जादू साधी होती. अंडं टोपीत ठेवायचं, मंत्र म्हणायचा, टोपी डोक्यावर घालायची. अंड्याचं फूल व्हायला पाहिजे, ते न होता बलक कपाळावरून ओघळायचा. बस्स. भावोजी टोपी घालायचे आणि काहीच ओघळायचं नाही. अंडं त्यांच्या हातात असायचं. ते टोपीत ठेवताक्षणी बोटं ते आपोआप उचलून घ्यायची, गेली वीस वर्षं घेत होती तशी. "भावोजी, अंडं सोडा." "सोडलं रे!" "मग हे काय?" मग ते हातातलं अंडं समोर धरून त्याच्याकडे बघत बसायचे. स्वतःच्या हातांवर चिडलेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

त्यात महिना मार्गशीर्ष. गुरुवारी घरात घट मांडलेला आणि ओटीवर अंड्यांची टोपली. सुगंधाताईने ती टोपली उचलून थेट विहिरीपाशी नेऊन ठेवली. "तुम्हाला फसायचंय ना, तिथे जाऊन फसा. माझ्या देवापुढे नको." मग भावोजी विहिरीजवळ उभे राहून सराव करायचे आणि धुणं धुणाऱ्या बायका त्यांना सूचना करायच्या.

शेवटी त्यांनी मार्ग काढला तो त्यांच्याच पद्धतीने. फसणं हीच एक जादू समजायची. मोजायचं: एकला अंडं टोपीत, दोनला बोटं आत, अडीचला बोटं उघडायची, तीनला टोपी डोक्यावर. सगळा खेळ त्या अर्ध्यात. चार दिवस त्यांनी ते अडीच बसवलं. जेवताना, चालताना, हजेरी मांडताना. पाचव्या दिवशी बलक अगदी नाकाच्या मधोमध ओघळला. धुणाऱ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. भावोजींनी मान लववून त्यांना नमस्कार केला, बलक तसाच गळत असताना.

शूटिंगच्या दिवशी अदलाबदलीवर दिग्दर्शक आधी भडकला. मग भावोजींचं काम बघून निवळला. भावोजींनी एका टेकमध्ये सगळं केलं. पत्ते पडले ते पंख्यासारखे पसरून पडले. दोरी तुटायची तिथे तुटली. बलक मधोमध. डोळ्यांत इतका खरा गोंधळ की कॅमेऱ्याच्या मागचा माणूससुद्धा हसला. त्यांच्यासारखं फसणं कोणाला जमणार नाही, कारण ते फसणं नव्हतंच.

आणि रुडॉल्फ? एकोणीस टेक. अठरा वेळा धार मध्येच तुटली, किंवा गुठळी पडली, किंवा बाहीतून सांडली. एकोणिसाव्या वेळी कशीबशी जमली. तेवढी ठेवली. सिनेमा नावाची जादू मला त्या दिवशी कळली. अठरा वेळा हुकलेलं कात्रीने कापून टाकायचं, उरलेल्याला लोक हातखंडा म्हणतात. पेटीत शिरायचीसुद्धा गरज नाही.

त्र्याहत्तरला सिनेमा बोरिवलीला लागला. आम्ही चाळीतले बावीस जण गेलो. भावोजींनी नवा सदरा शिवला होता. नायकाचे हात मीठ सोडताना दिसले तेव्हा थिएटरात "आहाहा" झालं. पुढे जत्रा आली आणि पडद्यावर भावोजी आले, एवढे मोठे, कानाजवळचा तीळसुद्धा दिसत होता. चाळीतली माणसं उभी राहून ओरडायला लागली. थिएटर हसून हसून लोळलं. शेवटी ते दोन नट त्यांच्या पाया पडून "गुरुदेव, गुरुदेव" म्हणतात आणि मागून टोपी काढून बलक दाखवतात. तिथे तर मागच्या एकाची खुर्चीच मोडली. भावोजी पडद्याकडे न बघता लोकांकडे बघत होते. सुखात होते हो. मीही होतो. खोटं कशाला सांगू, मला वाटलं, मी उगीच त्रागा केला.

ते सुख गणपतीपर्यंत टिकलं. त्या वर्षी भाईंदरच्या मंडळाने मुद्दाम त्यांना बोलावलं, बोर्डावर मोठ्या अक्षरांत 'सिनेकलाकार महिपत'. मांडव भरलेला. भावोजींनी पत्त्यांचा खेळ केला, सफाईने. टाळी नाही. दोरी केली, शांतता. मग मागून कोणीतरी ओरडलं, "अंडा फोड, अंडा!" आणि सगळा मांडव तेच ओरडायला लागला. भावोजींनी टोपीत अंडं ठेवलं, टोपी डोक्यावर घातली, काढली, आत फूल. लोक हळहळले. बाहेर पडताना मी माझ्या कानांनी ऐकलं, "आज जमलं नाय बिचाऱ्याला."

तिथून पुढे हेच. त्यांनी मीठ केलं तर लोक म्हणायचे, रुडॉल्फची नक्कल करतोय. कारण रुडॉल्फच्या बोर्डावर आता 'सिनेमातले ते जादूचे हात' असं लिहिलेलं होतं, आणि ते तर खरंच होतं. त्याची धार अजून तुटायची. पण लोकांनी ती पडद्यावर अखंड बघितली होती, त्यामुळे तुटलेली दिसतच नव्हती. आणि आमची अखंड असली तरी लोक वाट बघायचे, आता कधी सांडतोय.

मी त्यांच्या नावाने दिग्दर्शकाला तीन पत्रं टाकली. उत्तर नाही. मी पोस्टात असल्यामुळे पत्र पोचलं नसेल असं म्हणायचीही सोय नव्हती. भावोजींनी नवीन बोर्ड रंगवून घेतला: 'येथे जादू फसत नाही'. तो बोर्ड लोकांना सगळ्यात विनोदी वाटला. लोक त्याच्यापुढे उभे राहून तो मोठ्याने वाचायचे. मिठागरावर मजूर त्यांना 'अंडेवाले साहेब' म्हणायला लागले. सुगंधाताई एकदा म्हणाली, "मग फोडा ना अंडं. लोक हसतायत, वाईट काय त्यात?" त्यावर ते आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. नंतर ती मला म्हणाली, "राघो, मी चुकले रे. पण मला त्यांचं हे तोंड बघवत नाही."

मग मी उत्तन गाठलं. रुडॉल्फला त्याच्या अंगणात उभं करून जे तोंडाला येईल ते बोललो. चोर म्हणालो, लबाड म्हणालो. टेरेझा बाहेर येऊन बघत राहिली. रुडॉल्फने सगळं ऐकून घेतलं. मग खाली बघून म्हणाला, "मना पन झोप न्हाय लागत राघो. लोक हात धरून बघतात माजे. मी सनाला सगल्यांच्या म्होरं सांगतो. खोटा न्हाय बोलनार."

मला त्याची खात्री नव्हती. पण त्याने शब्द पाळला, हे लिहायलाच पाहिजे. पंचाहत्तर साल, उत्तनच्या गावचा सण, दुपारची वेळ. चर्चजवळच्या मैदानात मांडव घातला होता, अख्खं गाव जमलं होतं, भाईंदरहूनही माणसं आली होती. रुडॉल्फने आम्हाला आग्रहाने बोलावलं होतं. त्याने आपले दोन-तीन खेळ केले, मग ग्रामोफोन बंद केला, भावोजींना मंचावर बोलावलं आणि माईकसमोर उभा राहिला.

"मना एक खरी गोष्ट सांगायची हाय," तो म्हणाला. "सिनेमान मिठाची जादू करनारे हात माजे हायत. पन ती जादू माजी न्हाय. ती या महिपतची. त्यानी मना शिकवली. तो मोठा जादूगार हाय. माजा गुरू हाय." आणि तो खाली वाकून भावोजींच्या पाया पडला.

मग पुढच्या रांगेत कोणीतरी मांडीवर थाप मारली, "गुरुदेव!" आणि सगळा मांडव फुटला. सिनेमातलंच दृश्य होतं ना ते. लोकांना वाटलं, दोघांनी मिळून बसवलंय. "गुरुदेव, गुरुदेव!" म्हणून पोरं नाचायला लागली. रुडॉल्फ दोन्ही हात वर करून ओरडत होता, "खरा बोलतोय! आयची शपथ, खरा बोलतोय!" जितका ओरडेल तितके लोक जास्त हसायचे.

भावोजी माईकपाशी गेले नाहीत. त्यांनी खिशातून मिठाची पुडी काढली, मूठ भरली, मूठ मिटली, उघडली. रिकामे तळवे दाखवले. मग हात वर उचलला. माझ्या शेजारचा माणूस "आता डोक्यावर ओतनार बघ" असं म्हणाला आणि माझं डोकं फिरलं. मी त्याची कॉलर धरली. "गप्प बस," मी ओरडलो, "बघ जरा समोर, बघ!" तो म्हणाला, अरे हसायला पण बंदी हाय काय? मागच्या दोघांनी मला खेचलं. मीही त्यांना ढकललं. हे सगळं मिटेपर्यंत भावोजी मंचावरून खाली उतरले होते आणि लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते.

टेरेझा डोळे पुसत पुढे आली. हसून हसून पाणी आलेलं. तिने भावोजींचे दोन्ही हात हातात घेतले. "बाबा, किती हसवलंस रं. पोट दुखलं माजं. देव तुला सुखात ठेवो." तिच्या मनात तिळभर वाईट नव्हतं. भावोजी तिला वाकून म्हणाले, "मावशी, पुढच्या वर्षी पण बोलवा." मला त्या बाईचा राग करता येईना, आणि रुडॉल्फचाही करता येईना. मग मी कोणावर चिडायचं, हे मला समजत नव्हतं.

बसच्या थांब्यावर आम्ही दोघंच होतो. बराच वेळ ते आपले पंजे पुढे धरून बघत होते. मग म्हणाले, "आज लांब गेली धार. इतकी कधीच गेली नव्हती. तू बघितलीस ना?"

"बघितली की," मी म्हणालो.

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"हात बदलताना काही दिसलं का?"

"छे! काही म्हणजे काही नाही," मी ठणकावून सांगितलं.

त्यांनी पंजे खाली घेतले. "आज हात बदललाच नाही, राघो," ते म्हणाले. "सगळं एकाच हातातून सोडलं." मग बस आली आणि आम्ही चढलो.